बिलात वाढलेला खड्डा

खड्ड्यांच्या अपघातांची भरपाई ठरवणाऱ्या समितीपुढे तीन कार्यालयांची माणसं आली होती आणि तिघांच्या हातातल्या पत्रांचा मथितार्थ एकच होता: रस्ता आमचा नाही. महापालिकेचे उपअभियंता म्हणाले, हा जुना राज्यमार्ग, बांधकाम खात्याचा. बांधकाम खात्याचे शाखा अभियंता म्हणाले, शहर हद्दीतला तुकडा केव्हाच महापालिकेला दिला. पाणी योजनेच्या ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, आम्ही चर खोदला, पाइप टाकला, चर बुजवला, रस्ता पूर्ववत करायचं शुल्कही भरलंय. वरचं डांबर टाकणं आमच्याकडे नाही. अर्जदार, पेशाने प्लंबर, उजव्या मनगटात प्लेट बसवलेला, हे सगळं डाव्या हाताने कागद धरून ऐकत होता.

मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरजूंना मोफत वकील देणाऱ्या संस्थेच्या, पॅनलवरची वकील. अर्ज मी लिहिलेला, पुरावे मी लावलेले. समोर समिती दोघांची: महापालिका आयुक्त आणि प्राधिकरणाचे सचिव, जे न्यायाधीशच असतात. ज्याच्यावर आरोप त्याचाच प्रमुख अर्धा पंच, ही या रचनेतली खोट मला आजही खटकते. पण सचिवांच्या खुर्चीमुळे कागद नुसता सरकवून चालत नाही, वाचावा लागतो, हेही खरं.

ही समिती आली ती मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या निकालातून. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांचा तो निकाल. मूळ प्रकरण २०१३ चं, न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेली जनहित याचिका. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख. अर्ज केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. आणि दिलेली रक्कम जबाबदार अधिकाऱ्याकडून, ठेकेदाराकडून वसूल करायची. लोक ६ लाखांचा आकडा लक्षात ठेवतात. कार्यालयांच्या लक्षात राहतं ते वसुलीचं कलम. रस्ता कोणालाच नको होता तो त्यामुळे.

सरकारने नुकसानभरपाई द्यायची हे काही नवीन नाही. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या रुदुल साहला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये एकूण ३५ हजार रुपये देववले, तेव्हापासून हा रस्ता खुला आहे. पण पैसे तिजोरीतून जात, म्हणजे शेवटी कर भरणाऱ्याच्याच खिशातून. लखनऊ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम चुकार अधिकाऱ्याकडून घ्या म्हणून सांगितलं. खालच्या पातळीवर ते क्वचितच कुणी मनावर घेतलं.

आता अर्जाकडे. अपघात संध्याकाळी सातच्या सुमारास, पावसाळा संपून खोदाईच्या परवानग्या पुन्हा सुरू झाल्यानंतरचा. स्कूटर, वेग बेताचा, समोरून रिक्षाचा दिवा डोळ्यांवर, आणि पुढचं चाक चरात. माझ्याकडे माणूस आला पाचव्या दिवशी, बायकोसोबत. तोवर खड्डा बुजला होता. दुसऱ्याच दिवशी पॅचवर्कची गाडी येऊन गेली. तक्रार आल्यापासून ४८ तासांत खड्डा बुजवा असं तोच निकाल सांगतो आणि ते योग्यच आहे. पण जखमी माणूस ऑपरेशन टेबलावर असताना त्याचा मुख्य पुरावा डांबराखाली जातो.

हाताशी काय होतं ते आधी बघितलं. पोलीस ठाण्याच्या नोंदीत ‘गाडी घसरून पडल्याने’. इस्पितळाच्या अपघात विभागाच्या कागदावर ‘दुचाकीवरून पडून’. दोन्हीकडे खड्डा नाही. ती नोंद कुणी सांगितली म्हणून विचारलं तर जखमीला उचलून आणणाऱ्या पोराने. त्याने जे पाहिलं ते सांगितलं, डॉक्टरांनी लिहिलं. ही पहिली ओळ पुढे कायम चिकटते. म्हणून आता मी येईल त्याला सांगते: अपघात विभागात डॉक्टरांना जागा सांगा, ‘अमुक चौकाजवळ खड्ड्यात चाक आदळून’ असं लिहून घ्या, कागद हातात आल्यावर तिथेच वाचा. मृत्यूच्या प्रकरणात तर याहून वाईट होतं. मयतानेच भरधाव, हयगयीने गाडी चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाल्याचा गुन्हा मयतावरच नोंदवला जातो, आणि तो कागद पाहून समिती काय, विमा कंपनीही मान फिरवते.

फोटो होते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून चार जणांकडे फिरून आलेले. असा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली वेळ-जागेची माहिती पुसली जाते. ज्याने काढला त्या पानवाल्याचा मूळ फोन शोधला. त्याने जागा मोकळी करायला फोटो उडवले होते.

उरली स्कूटर. ती गॅरेजमध्ये तशीच पडून होती, हे नशीब. नुसती घसरलेली गाडी बाजूने खरडते: पॅनेल, आरसा, फूटरेस्ट. या गाडीचं पॅनेल एका बाजूने खरडलेलं होतंच, पण पुढची रिमही आत दबली होती आणि फोर्क मागे सरकला होता. सपाट रस्त्यावर घसरून रिम अशी दबत नाही. ती कडेवर आदळली की दबते. मेकॅनिककडून हे साध्या मराठीत, सहीने, गाडी नंबर आणि तारखेसह लिहून घेतलं. दुरुस्ती त्यानंतर.

मग माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत हवा, म्हणून मोठा अर्ज एकच करायचा मोह टाळला. तीन अर्ज केले, प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. पहिला: त्या रस्त्याची मालकी, हस्तांतरणाचं पत्र. दुसरा: खोदाईची परवानगी, त्यातल्या अटी, भरलेलं शुल्क. तिसरा: त्या महिन्याच्या पॅचवर्कची मोजमाप पुस्तिका (केलेल्या कामाची मापं नोंदायची वही) आणि देयकाची नस्ती, म्हणजे बिलाची फाइल, प्रत नको, प्रत्यक्ष पाहणी. पाहणीचा पहिला तास फुकट असतो आणि नस्तीत काय आहे हे ठाऊक नसताना प्रती मागण्यात अर्थ नसतो. मालकीचा अर्ज मुद्दाम बांधकाम खात्याकडेही टाकला. माहिती दुसऱ्याकडे असेल तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवावा लागतो. आणि ‘सदर रस्ता आपल्या अखत्यारीत असल्याने अर्ज आपणाकडे वर्ग करण्यात येत आहे’ असं पत्र निघालं की तो आपल्यासाठी पुरावाच. तसं पत्र निघालं.

पाहणीचा दिवस हा या सगळ्यातला खरा दिवस. लेखा शाखेच्या कोपऱ्यात एक टेबल, पंख्याखाली उडणारे कागद, समोर पॅचवर्कच्या दुसऱ्या धावत्या देयकाची, म्हणजे काम चालू असताना काढलेल्या टप्प्याच्या बिलाची, नस्ती. ठेकेदाराला बिल मिळायचं तर प्रत्येक ठिकाणचे कामापूर्वीचे, काम चालू असतानाचे आणि कामानंतरचे फोटो जोडावे लागतात, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापलेले. पान उलटत गेले. त्या चौकाचे तीन फोटो सापडले. पहिल्यात उघडा चर, कडा तुटलेल्या, तळाला मुरूम आणि खडी सुटलेली, आणि आडवा धरलेला टेप. मागे विजेचा खांब, त्यावरचा नंबर वाचता येत होता. वेळ, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा. मोजमाप पुस्तिकेत नोंद: लांबी १.८० मीटर, रुंदी १.१० मीटर, खोली ०.१५ मीटर, एकूण ०.२९७ घनमीटर. खाली कनिष्ठ अभियंत्याची सही, त्याखाली तपासणी केल्याची उपअभियंत्याची.

खड्डा खरंच तेवढा होता का, मला माहीत नाही. बिलात खड्डा वाढतो, दाव्यात तो नाहीसा होतो; दोन्ही कागद एकाच कपाटातले. मी त्या पानांच्या प्रमाणित प्रती मागितल्या, पानाला दोन रुपये. कारकुनाने विचारलं, “मॅडम, एवढ्या नस्तीतून नेमकी हीच पानं?” मी हो म्हटलं आणि पावती घेतली.

त्याच दिवशी आणखी एक कागद मिळाला. महापालिकेच्या तक्रार अ‍ॅपवर याच चराची तक्रार अपघाताच्या नऊ दिवस आधी आली होती आणि चौथ्या दिवशी ‘निराकरण झाले’ म्हणून बंदही झाली होती. कामाचा फोटो नाही, कामाची नोंद नाही. तक्रार बंद करायला एक बटण पुरतं.

सुनावणीत पहिला तास ‘खड्डा’ या शब्दावर गेला. उपअभियंत्यांचं म्हणणं, “हा खड्डा नाही, चर बसलाय. तांत्रिकदृष्ट्या वेगळी गोष्ट आहे.” तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होतं. पाइप टाकल्यावर माती थराथराने, प्रत्येक थर पाणी मारून, कॉम्पॅक्टर फिरवून भरायची असते. इथे खोदलेलीच माती एका दमात लोटून वर मुरूम पसरला, आणि वाहनांच्या वजनाने तो खाली बसला. पण परवानगीच्या अटींत थर देऊन भरणं लिहिलेलं होतं, महापालिकेच्या अभियंत्याने तपासणी करणंही लिहिलेलं होतं. सचिवांनी एवढंच विचारलं, चाक खड्ड्याऐवजी चरात गेलं तर माणूस कमी जोरात पडतो का? त्यानंतर शब्दाचा वाद संपला.

मग मी मोजमाप पुस्तिकेची प्रत पुढे केली. उपअभियंत्यांनी ती वाचली, खालची सही पाहिली आणि काही बोलले नाहीत. सही त्यांचीच होती. मालकीचा प्रश्नही तिथेच सुटला: रस्ता महापालिकेचा नसेल तर महापालिकेने त्यावरच्या पॅचवर्कचं बिल कोणत्या अधिकारात काढलं? आयुक्तांनी बांधकाम खात्याच्या प्रतिनिधीला जायला सांगितलं.

हेल्मेट होतं का, परवाना चालू होता का, हे विचारलं गेलं. दोन्ही होतं. परवाना संपलेला असता तर रक्कम घटवण्याचा मुद्दा नक्की निघाला असता, म्हणून ती प्रत मी पहिल्या पानामागेच लावली होती.

रकमेवर मात्र हुज्जत झाली. अडीच लाख ही जखमींची कमाल मर्यादा. तिथपर्यंत जायचं तर कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेलं बरं, आणि हाड पूर्ण जुळल्याशिवाय कोणताही अस्थिरोगतज्ज्ञ ते देत नाही. आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, एक्स-रे, औषधांची मूळ बिलं आणि सहा महिने जड काम नको असा दाखला होता. प्लंबरला सहा महिने पाना फिरवू नको म्हणणं म्हणजे काय, हे अर्जदाराने स्वतःच सांगितलं. उजवी मूठ मिटवून दाखवायला गेला. ती अर्ध्यावर थांबली. समितीने १ लाख ६० हजार ठरवले, त्यातले निम्मे चर खोदणाऱ्या ठेकेदाराच्या सुरक्षा अनामतीतून वळते करून घ्यायचे, आणि तक्रार काम न करता कुणी बंद केली याची खातेनिहाय चौकशी.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, “ताई, मग आता झालं ना सगळं?” झालं नव्हतं. ही रक्कम इतर उपायांच्या आड येत नाही, बुडालेल्या कमाईचा आणि हाताच्या उणेपणाचा दावा दिवाणी न्यायालयात वेगळा लावता येतो. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ खाली एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत, आणि समितीपुढे अर्ज चालू आहे म्हणून ते घड्याळ थांबत नाही. अपघाताला अडीच महिने होऊन गेले होते. नोटीस पिशवीत तयार होती, दोन प्रतींत. तसेच तळमजल्यावर आवक-जावक खिडकीवर गेलो. कारकून डबा आवरत होता. मूळ प्रत आत दिली, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घेतली. सही वाचता येत नव्हती, म्हणून खाली कंसात नावही लिहायला लावलं.