कचराच नसलेल्या गावात कंपोस्ट शिकवताना

कंपोस्ट शिकवायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात एक ठरीव चित्र असतं. शेतात काडीकचरा पडलाय, शेतकरी त्याला काडी लावतो, आपण जायचं आणि त्याचं खत कसं होतं ते दाखवायचं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत एका छोट्या संस्थेतर्फे हे काम करते आणि मला दिलेल्या पुस्तिकेतही हेच चित्र होतं. गावात मात्र कचरा म्हणावं असं फारसं काही नसतं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, बैलांना जातं. तुरीचं कुटार दुभत्या जनावरासाठी राखून ठेवतात. तुराट्यांचं कुंपण होतं, कुडाच्या भिंती होतात. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, चुलीत जाते. सिलिंडर घरात असतो, पण तो चहापाण्यापुरता. पुस्तिकेतल्या 'वाया जाणाऱ्या' प्रत्येक काडीला गावात मालक असतो, आणि बहुतेक वेळा तो मालक म्हणजे त्या घरची बाई.

त्यामुळे पहिल्या बैठकीत मी खड्डा, थर, जिवाणू यातलं काहीच काढत नाही. तुमच्याकडे उरतं काय, एवढंच विचारते. सुरुवातीला उत्तर येतं, "काहीच नाई." मग कुणीतरी म्हणतं, मळणीच्या जागी खालचं भिजलेलं कुटार काळं पडतं, ते बैल तोंडात घेत नाही. दुसरी म्हणते, जनावरांनी तुडवलेलं वैरण. निंदणाचं गवत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकतो ते. गाजरगवत तर आहेच, फक्त ते फुलावर यायच्या आत उपटलेलं हवं. आणि मग पऱ्हाटी. पाचेक एकर कपाशी असलेल्या घरात जळणाला पुरून ती चांगलीच उरते. ही उरलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवतात आणि उन्हाळ्यात पेटवतात. रचून ठेवली की तिच्यावरच्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी आरामात पुढच्या हंगामाची वाट पाहते. पऱ्हाटी बारीक करून कुजवा, हे सांगायला मला खतापेक्षा बोंडअळीचाच जास्त उपयोग झाला. खताचं कुणाला पटो न पटो, बोंडअळीने प्रत्येकाला कधी ना कधी बुडवलंय.

दुसऱ्या वेळी आम्ही उकिरड्यावर गेलो. गावाला कंपोस्ट नवीन नाही, उकिरडा आजोबांच्या आधीपासून आहे, आणि तो न पाहता शिकवायला लागणं म्हणजे घरच्या माणसाला घराचा पत्ता सांगणं. रोजचं शेण तिथे पडतं, उन्हात वाळतं, पावसात त्यातून काळं पाणी वाहून नाल्याला लागतं आणि मे महिन्यात बैलबंडीत भरून ते वावरात जातं. एका काकाजींना मी फावडं मारायला सांगितलं. वरचा हातभर थर वाळून खडखडीत. त्याखाली कच्चं, वासाचं शेण. त्यातून पांढऱ्या, वेटोळं घातलेल्या जाड अळ्या निघाल्या.

"हे तं दरसाल निंघते," काकाजी म्हणाले. "कोंबड्याले टाकतो." मग फावडं टेकवून जरा थांबले आणि स्वतःच म्हणाले, "आन् वावरात गेल्यावर थे काय खाते?"

शेणातली प्रत्येक अळी पिकाची मुळं खाणारी नसते, काही नुसतं कुजकंच खातात, हे मी सांगितलं. पण न कुजलेल्या शेणखताबरोबर मुळं खाणारी हुमणी शेतात जाते हेही खरं. त्या दिवशी मी याहून जास्त काही शिकवलं नाही, गरजही नव्हती.

आता टाक्यांबद्दल. पुसद आमच्याच जिल्ह्यात. तिथले नाडेप काका, म्हणजे ना. दे. पांढरीपांडे, यांनी कमी शेणात जास्त खत करायची जी पद्धत बसवली तिचं नाव देशभर गेलं. जमिनीवर विटांचं 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकं. भिंतींना हवेसाठी जागोजागी भोकं. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, त्यावर माती, पुन्हा तेच. जवळपास 100 किलो शेणावर तीनेक टन खत उतरतं, आणि जनावरं कमी झालेल्या गावात हा हिशेब फार मोठा आहे. रोजगार हमीतून अशी टाकी गावोगाव झाली. मी काम करते त्या पट्ट्यात त्यातल्या बऱ्याच टाक्यांत सरपण असतं. एकीत शेळीची पिल्लं होती आणि त्यांना ती भोकांची भिंत फार मानवली होती.

लोक आळशी म्हणून हे होतं, असं बैठकांत ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. टाकं एकदा भरायला सव्वा-दीड टन काडीकचरा, पावणेदोन टन गाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं, आणि भरणी शक्यतो एका दिवसात, फार तर दोन दिवसांत संपवावी लागते. नवरा-बायको दोघांच्या घराने हे करायचं कधी? पुस्तिकेत उन्हाळा दिलाय, कारण तेव्हा हात रिकामे असतात. पण तेव्हा विहिरीही रिकाम्याच असतात. पाणी असतं ते सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आसपास. कुटारही तेव्हा ताजं, धुऱ्यावर थोडं हिरवंही उरलेलं. नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी सुरू होते, किलोवर मजुरी मिळते, आणि ती सोडून कोण माती गाळायला येणार?

तोड गटातल्या बायांनीच काढली. आठवडी बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते. त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी सावडीने, म्हणजे एकमेकींच्या कामाला हात लावून, एक टाकं भरायचं आणि दुपारून बाजाराला जायचं. मी कागदावर केलेलं वेळापत्रक तिथेच घडी करून पिशवीत टाकलं.

पऱ्हाटी मात्र तशीच टाकून चालत नाही. अख्खी टाकली तर चार महिन्यांनी खत उपसताना ती जशीच्या तशी हाताला लागते आणि शिकवणाऱ्याची अब्रू जाते. काड्या बारीक करणारं, ट्रॅक्टरवर चालणारं श्रेडर मिळालं तर उत्तम, पण हंगामात ते आमच्या वाट्याला येत नाही. म्हणून आम्ही आदल्या हंगामाची धुऱ्यावर वाळलेली पऱ्हाटी पांदण रस्त्यावर पसरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टर-बंड्यांना तुडवू दिली. मोटारसायकलवाले शिव्या घालून गेले. ही युक्ती माझी नाही. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 पासून इंदूरला कापसावर काम करायचे, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी पऱ्हाट्या-तुराट्या रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतल्या. 1931 मध्ये त्यांनी आणि यशवंत वाड यांनी मिळून ती इंदूर पद्धत जगापुढे मांडली. मी हे सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हंजे साहेबाले बी श्रेडर नाई भेटलं."

भरणीच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ गेला तो पन्न्या वेचण्यात. उकिरड्यातून आणलेल्या प्रत्येक घमेल्यात खर्ऱ्याच्या पन्न्या. विदर्भात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सुपारी-तंबाखू घोटून त्या पातळ प्लास्टिकमध्ये देतात आणि खर्रा संपला की पन्नी जिथे माणूस असेल तिथे पडते. बाया चाळणीतून पन्न्या काढत होत्या आणि कुणाचा नवरा कोणत्या टपरीवर जातो यावर जी चर्चा रंगली ती इथे लिहिण्यासारखी नाही. शेणकाला कालवायला मी रबरी हातमोजे नेले होते. ते कुणी घातले नाहीत. एकीने ते घरी नेले, फवारणीला होतील म्हणून, आणि ते बरंच झालं.

एक थर असा: आधी टाक्याच्या भिंती आणि तळ शेणपाण्याने ओले करायचे. मग सहा इंच काडीकचरा, साधारण 100 किलो, त्यात कडक आणि मऊ मिसळून. नुसती पऱ्हाटी घातली तर कुजायला नत्र पुरत नाही, नुसतं हिरवं गवत घातलं तर चिकचिक होऊन वास मारतं. त्यावर सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात चार-पाच किलो शेण कालवून शिंपडायचं. त्यावर बारीक माती, आणि मातीवर पुन्हा हलकं पाणी. असे अकरा-बारा थर. टाकं काठाच्या वर दीड फूट झोपडीच्या छपरासारखं उतरतं भरायचं आणि शेणमातीने लिंपून टाकायचं. लिंपणं मी शिकवलंच नाही. त्या कामात मी त्यांच्यापुढे अडाणी आहे.

पाणी किती, हा प्रश्न लिटरमध्ये सुटत नाही. मूठभर माल घट्ट दाबायचा. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर सगळं सुटून पडलं तर कमी. ज्यांच्याकडे टाकं नव्हतं त्यांनी पळसाखाली ढीग लावले. ढिगाच्या मधोमध तुराट्यांच्या मोळ्या उभ्या रोवून नंतर उपसून घेतल्या, म्हणजे हवेला वाट राहते. त्यांना महिन्याला ढीग पलटवावा लागला, आणि पलटवणं हे कष्टाचं काम आहे, कुणी कितीही गोड करून सांगितलं तरी.

आठवडाभराने उकिरड्यावरच्या त्याच काकाजींनी ढिगात लोखंडी सळई खुपसली. मीच सांगितलं होतं, जरा वेळ ठेवा आणि मग हात लावून बघा. त्यांनी सळई ओढली, पकडली आणि झटकन सोडून दिली. आत 55-60 अंशांच्या आसपास उष्णता असली की तणाचं बी मरतं, रोगाची बुरशी मरते, हे मी आधी तोंडाने सांगितलं होतं. त्यानंतर गावातला प्रत्येक जण सळई घेऊन ढिगाकडे यायला लागला, पोरं तर दिवसातून कितीदा.

मध्येच एकाने वेस्ट डिकंपोजरची, म्हणजे काडीकचरा लवकर कुजवणाऱ्या जिवाणूंची, बाटली आणली. गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक शेती केंद्राने वीस रुपयांना काढलेली ती बाटली. 200 लिटर पाण्यात दोन किलो गूळ घालून तिचं द्रावण वाढवतात. वापरा, वाईट नाही. पण बाटली पाण्याची जागा घेत नाही. कोरड्या पऱ्हाटीवर ते द्रावण शिंपडून 'काही झालं नाही' म्हणणारे मला बरेच भेटले.

टाकं पंधरा-वीस दिवसांत वीतभर खाली बसलं, पुन्हा भरून लिंपलं. भेगा पडतील तशा बुजवल्या. फेब्रुवारीत उघडलं तेव्हा माल काळपट, भुसभुशीत, पावसाच्या मातीच्या वासाचा. थोडी पऱ्हाटी उरली होती, ती चाळून पुढच्या भरणीला ठेवली.

खत बनवण्याबद्दल सगळे बोलतात, वापरण्याबद्दल फारच कमी. वापराच्या बैठकीत काकाजींनी जो हिशेब मांडला तो कुठल्याही प्रशिक्षकाने आधीच घरी करून जावा. तीन टन खतात एक टक्का नत्र धरलं तरी 30 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र. म्हणजे टाकंभर खत बरोबर दीड गोणी युरिया. "गोणी दोनशे सहासष्टले येते. दीड गोणी चारशे रुपये. मंग हा सारा आटापिटा कायले?"

हिशेब बरोबर होता, आणि मी तो खोडायचा प्रयत्न केला नाही. नत्राच्या भावात कंपोस्ट युरियाला कधीच हरवणार नाही, कारण युरियाच्या गोणीमागे सरकारचं अनुदान उभं आहे आणि टाक्यामागे फक्त बायांचे हात. शिवाय खतातलं सगळं नत्र पहिल्याच वर्षी पिकाला मिळतही नाही. मी एवढंच विचारलं, तुमच्या वावरात ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात पीक पहिल्यांदा माना टाकतं ती जागा कोणती? प्रत्येकाने सांगितली. बरडाचा, म्हणजे हलक्या उथळ जमिनीचा, पट्टा, उताराची बाजू, नाल्याकडचा मुरमाड तुकडा. युरिया तिथे ओल धरून ठेवत नाही. कुजलेलं खत थोडीफार धरतं. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी 5 टन शेणखताची शिफारस असते, म्हणजे एकरी दोन टन. एका टाक्यात एक-दीड एकर होतं, पाच एकर नाही. पाच एकरांवर भुरभुरवलं की काहीच दिसत नाही आणि माणूस म्हणतो कंपोस्ट फसवं आहे.

त्यातही वावरभर फेकण्यापेक्षा बी टोबतात त्या जागी देणं बरं. चार फूट बाय दीड फुटावर एकरात सव्वासात हजार झाडं बसतात. तीन टन खत वाटलं तर झाडामागे चारशे ग्रॅम येतं, एक ओंजळ. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ते झाकून, ओलसर ठेवायचं. उन्हात उघडं टाकलेलं खत पुन्हा उकिरड्याच्याच वाटेने जातं.

पुस्तिकेत नसलेला प्रश्न मात्र वाटणीचा होता. टाकं एकीच्या शेतात, शेण तिघींचं, पाणी चौथीच्या विहिरीचं, माती गाळायला सगळ्या. गटातल्या एका बाईकडे जमीनच नाही. भरणीला ती सगळ्यांच्या आधी आली होती, लिंपणही बहुतेक तिनेच केलेलं. "मी खत कुठं टाकू, अंगणात?" असं तिने विचारलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शेवटी खत घमेल्याने मोजलं, तिचा वाटा बाकीच्यांइतकाच धरला आणि बरडवाल्या एकीने तो गावातल्या शेणखताच्या भावाने विकत घेतला. पैसे तिने तिथेच मोजून घेतले. आता टाकं भरायच्या आधी कुणाचं काय आणि कुणाला किती, हे गटाच्या वहीत लिहून सह्या-अंगठे घेतात. पाण्याचा वाटा किती धरायचा यावरून अजून दर वेळी वाजतंच.