एअर इंडिया आणि खाशाबा एकाच फ्रेममध्ये: काम कुठवर आलं

मंडळी, टपाल तिकिटांच्या प्रदर्शनासाठीची १६ पानांची फ्रेम आता निम्म्याच्या पुढं सरकली आहे. विषय तुम्हाला माहीत आहे: टपाल तिकिटं आणि लिफाफ्यांतून एअर इंडियाचा इतिहास, आणि त्याच्या जोडीला कॉलेजच्या कुस्तीतून थेट ऑलिंपिकला गेलेले आपल्या साताऱ्याचे, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. या दोघांची मोट कशी बांधणार, हा प्रश्न बऱ्याच जणांनी केला. ती १९४८ सालानं आधीच बांधून ठेवली आहे.

८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. आपल्या विमान कंपनीचं ते पहिलं परदेशी उड्डाण. त्यासाठी काढलेलं १२ आण्यांचं तिकीट या खेपेला मिळालं. निळ्या-काळ्या रंगातलं, डिंक शाबूत. भिंगाखाली धरलं की विमानाची तीन उभी शेपटं स्वच्छ दिसतात. कॉन्स्टेलेशनची खूण तीच. आणि त्याच जुलैअखेर लंडनला ऑलिंपिक भरलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे खाशाबा, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं तिथं पोचले. मातीत घडलेला पैलवान गादीवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. म्हणून त्या पानावर १२ आण्यांचं तिकीट डावीकडं आणि ब्रिटनच्या ऑलिंपिक संचातलं अडीच पेनीचं उजवीकडं लावलंय. मधली पट्टी मुद्दाम कोरी आहे. माझ्या मते सगळ्या फ्रेममधलं हे सर्वांत बोलकं पान झालंय.

पहिलं पान १९३२ चं, एअर इंडियाच्या सुरुवातीचं. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून टपाल उचललं, अहमदाबादला थांबून जुहूला उतरवलं. तिथून त्यांचा साथीदार वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंटनं ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. सरकारनं अनुदान दिलं नव्हतं, टपालाच्या वजनावर काय मिळेल तेवढंच. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात ओतले गेले. हे वाचलं तेव्हा मला लगेच १९५२ आठवलं. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबांची मिरवणूक कराडहून गोळेश्वरला निघाली ती १५१ बैलगाड्यांची! दोन्ही पानांच्या मथळ्यात बैलगाडी येणार, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

हेलसिंकीच्या पानानं मात्र घाम काढला. फिनलंडच्या संचात सूर मारणारा आहे, फुटबॉल आहे, स्टेडियम आहे, धावपटू आहे, कुस्तीच नाही. आणि ज्या माणसानं स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिलं, त्याच्या पानावर कुस्ती नसून कसं चालेल? शेवटी १९६७ चं दिल्लीच्या जागतिक कुस्ती स्पर्धेचं १५ पैशांचं तिकीट तिथं घेतलं. साल पुढचं आहे, परीक्षक बोट ठेवतील, पण मी ते हलवणार नाही. मजकुरात राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांची गोष्ट आहे: विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठवण्यासाठी त्यांनी राहतं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. कॉलेजच्या खेळांचा आपला इतिहास लिहायचा तर करंडकांच्या यादीआधी हे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बाकीची पानं पटापट झाली. १९५३ चं राष्ट्रीयीकरण एका पानात. १९६१ चं १५ नव्या पैशांचं तिकीट, त्यावरचं बोइंग ७०७ आणि १९६२ मध्ये संपूर्ण जेट ताफ्याची जगातली पहिली कंपनी झाल्याचा मजकूर, हे दुसरं पान. जेआरडींनी १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची–मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं. त्या पन्नाशीचं पस मॉथचं तिकीट तिसऱ्यावर. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी परत टाटांकडं आली, तिथं फ्रेम संपते.

साताऱ्याच्या पावसाळ्याबद्दल नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना एक सांगतो. इथली दमट हवा डिंकाचा घात करते. अल्बम उभे ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या वेळच्या वेळी बदला. कोऱ्या तिकिटाला हिंज (मागं चिकटवायची कागदी पट्टी) अजिबात नको, माउंटच (पारदर्शक पाकीट) वापरा.

'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं आणि ४८ जण गेले. त्या बर्फातून पुढं कित्येक वर्षांनी टपाल सापडलं. त्यातला एखादा लिफाफा कुणाकडं असेल तर विकत नको, दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो पाठवा. मजकूर लिहिताना शिक्के डोळ्यांसमोर हवेत. आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचे खास शिक्के मारलेले लिफाफे कुणाच्या पेटीत पडून असतील, तर अदलाबदलीला माझ्याकडं १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धांच्या तिकिटांची जादा जोडी आहे.