रांगेत उभं राहण्याचा खेळ

प्राथमिक शाळेच्या क्रीडादिनाला जो खेळ सर्वात जास्त वेळ चालतो, त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत कधीच नसतं. तो खेळ म्हणजे रांगेत उभं राहणं. हिशेब करून बघा. पहिली ते चौथीची एकशे साठ मुलं, एकावेळी आठ धावपटू, म्हणजे धावण्याच्या वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीला मुलं ओळीत उभी करायची, कुणाची तरी बुटाची नाडी बांधायची, कुणीतरी शिट्टीआधीच सुटतं त्याला परत बोलवायचं, मग निकाल लिहायचा. तीन मिनिटं सहज जातात. तासाभराने शर्यत संपते आणि त्या तासात प्रत्येक मूल पळालेलं असतं दहा-बारा सेकंद. बाकीचा वेळ मांडी घालून, माती उकरत आणि शेजारच्याला कोपर मारत जातो. मग माइकवरून शिस्तीची आठवण करून दिली जाते. मला विचाराल तर एवढा वेळ बसून राहिल्याबद्दल त्यांना एखादं पदक द्यायला हरकत नाही.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोराची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निदान क्रीडादिनाला तरी तेवढं व्हायला हवं. म्हणून नियोजनाची वही उघडली की मी आधी खेळांची नावं लिहीत नाही, रांगेची लांबी लिहिते. चार-पाच मुलांपुढे रांग गेली की शेवटच्या मुलाचं लक्ष उडतं आणि लक्ष उडालेलं मूल स्वतःचा खेळ शोधून काढतं, तो बहुधा दुसऱ्याच्या टोपीचा असतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. मैदानाचे आठ कोपरे करायचे (मैदानाला कोपरे चारच असतात हे मान्य, पण फक्की मारली की आठ होतात), मुलांचे आठ गट करायचे आणि प्रत्येक गटाने दर दहा मिनिटांनी शिट्टी झाली की पुढच्या कोपऱ्यात जायचं. मध्ये दोन मिनिटं बदलायला. दीड तासात सगळ्या मुलांचं सगळं खेळून होतं. वीस मुलांच्या गटाच्या पुन्हा चार छोट्या रांगा केल्या की एकेका रांगेत पाचच जण राहतात. साहित्य मात्र चौपट लागतं, आणि हे ऐकलं की साहित्याच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आठातला एक कोपरा मी सावली आणि पाण्याचा ठेवते. पाण्यासाठी वेगळी सुट्टी दिली की उत्साही मुलं ती टाळतात. तो एक खेळच आहे असं ठरवलं की प्रत्येक गट तिथे येतोच. बसल्या बसल्या नेम धरून पिशवी रिंगणात टाकायची. चाकाच्या खुर्चीत बसणारं मूल असेल तर तेही सगळ्यांबरोबर तितक्याच चुरशीने खेळतं, त्याच्या हाती नुसती शिट्टी देऊन त्याची बोळवण करावी लागत नाही.

खेळ निवडताना माझा राग एकाच खेळावर आहे, संगीत खुर्ची. ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज, ते संथ मूल पहिल्याच फेरीत बाद होतं आणि उरलेला सगळा वेळ कडेला उभं राहून टाळ्या वाजवतं. चपळ मूल शेवटपर्यंत खेळून आणखी चपळ होतं. खेळ मोडीत काढायची गरज नाही, बाद कुणाला करायचं एवढंच बदलायचं. खुर्चीऐवजी जमिनीवर रिंगण ठेवा आणि दर फेरीला मूल नाही, रिंगण काढून घ्या. शेवटी एका रिंगणात पंधरा पाय कसे मावतात हे बघायला मोठी माणसंही जवळ येतात.

लिंबू-चमच्यावर माझं प्रेम आहे. कारण तिथे जोरात पळणारा हरतो. वर्गातलं ते हळू चालणारं, वहीत सरळ रेघा मारणारं मूल श्वास रोखून पुढे जातं आणि दोनशे मीटरचे भावी सम्राट लिंबू शोधत मागे फिरतात. तीन पायांच्या शर्यतीत पळण्यापेक्षा पाय बांधण्यातच वेळ जातो. रुंद कापडी पट्ट्यांचे फास आधी शिवून ठेवले आणि जोड्या उंचीप्रमाणे लावल्या, तर शर्यत पळण्याची राहते, पडण्याची होत नाही. बाकी पोत्यांची शर्यत, दोरीउड्या, बेडूकउड्या, आडव्या पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, यांना फार डोकं लावावं लागत नाही.

रस्सीखेचाला मात्र लागतं. हा खेळ १९०० ते १९२० दरम्यान ऑलिंपिकमध्ये होता. १९०८ साली लंडनमध्ये लिव्हरपूल पोलिसांच्या जाडजूड बुटांवरून अमेरिकन संघाने तक्रारही केली होती. ती फेटाळली गेली. आमच्याकडे बुटांवरून तक्रारी कमी आणि गटात मोठी मुलं कोणाकडे जास्त यावरून अधिक येतात. नियम एकच, पण तो शिट्टीआधी दोनदा सांगायचा: दोर मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायचा नाही. जोराचा हिसका बसला तर हात सुटत नाही आणि इजा फार वाईट होते.

मोठी मुलं कोणाकडे, ही तक्रार खरीही असते. पहिलीच्या एकाच वर्गात एकाचा वाढदिवस वर्षाच्या सुरुवातीला आणि दुसऱ्याचा शेवटाला असतो. सहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा आयुष्य. त्या दोघांना एकाच रेषेवर उभं करायचं आणि नंतर एकाला 'खेळाडू' व दुसऱ्याला 'मठ्ठ' म्हणायचं, हे कुणालाच शोभत नाही. म्हणून वैयक्तिक नंबर मी ठेवत नाही. गुण गटाला, आणि गटात सगळ्या इयत्तांची मुलं. चौथीतली मुलं पहिलीतल्यांना हात धरून पुढच्या कोपऱ्यात नेतात. ते न सांगता करतात, सांगितलं तर करत नाहीत.

पहिला नंबर कुणाचा, असं मुलं तरीही विचारतात. पालक जास्त विचारतात. मुलांना निकालाचं दुःख पुढच्या कोपऱ्यापर्यंत टिकत नाही, पालकांचं घरी जाईपर्यंत.

गटबदलाच्या त्या दोन मिनिटांचं काय करायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. शिट्टी झाली की आठही गट किंचाळत पुढच्या कोपऱ्याकडे धावतात, कुणी ढकलत नाही, कुणी मोजत नाही, एखादं लहान मूल मागून रडत येतं आणि पोचेपर्यंत हसायला लागतं. आवडता खेळ कोणता असं विचारलं, तर निम्मी मुलं त्या धावण्याचंच नाव घेतात. त्याचा कोपरा करता येत नाही. म्हणून फक्की मारताना दोन कोपऱ्यांमधल्या वाटा आता मी चांगल्या रुंद आखून घेते.