टाकी देवगडात पोचली, पण पहाटेचा ईएलसीबी…

मंडळी, चोर सापडला! पहाटे घरातली वीज घालवून एकोणीस रात्री झोप उडवणारा, आणि निघाला माझाच गाढवपणा.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीच्या स्थलांतराचं आधी उरकतो. टेंपो रत्नागिरीहून राजापूर, खारेपाटण करत नांदगाव तिठ्याला वळला आणि संध्याकाळच्या आत देवगडात. टाकीतले खडक, मासळीच्या थर्माकोल खोक्यांत पाण्यात बुडवून, जुनं पाणी निळ्या पिंपांत. जुनी वाळू टाकून दिली. तळाचा काळा गाळ ढवळून पुन्हा टाकीत घालण्यापेक्षा नव्या वाळूचे पैसे गेलेले बरे. अमोनिया दोन दिवस 0.25, मग शून्य. खारटपणा 35, केएच (पाण्याची अल्कलिनिटी) 8.2. क्लाउन माशांची जोडी तिसऱ्या दिवशी हातातलं खायला आली.

चौथ्या पहाटे जाग आली ती शांततेने. पंपाची घरघर नाही. घरात अंधार, शेजाऱ्यांकडे मात्र दिवा. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, पडलेला. वर केला, राहिला. दोन दिवसांनी परत, वेळ तीच, तीन ते चारच्या मधली. इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही, कारण त्याची लाइनही ह्याच ईएलसीबीतून जाते. लाइट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीवाला हवापंप नसता तर आज ही नोंद श्रद्धांजलीची असती. तो ज्याच्याकडे नाही त्याने उद्याच घ्यावा.

वायरमन आला. टाकीकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पाणी आनि करंट, दोगांचा कसा जमतला ओ?" मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घराचं वायरिंग तपासलं, ठणठणीत. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर होतं म्हणून खड्ड्यात पाणीही ओतून झालं. त्याने काही फरक पडला नाही.

मग एकेक उपकरण बाद करत गेलो. एका रात्री पाण्यात लाटा करणारा वेव्हमेकर बंद, दुसऱ्या रात्री फेसातून घाण काढणारा स्किमर, तिसऱ्या रात्री पाणी परत वर टाकणारा रिटर्न पंप. रात्रीला एकच प्रयोग होतो, आणि ज्या रात्री ट्रिप नाही त्या रात्रीने काय सिद्ध झालं हेही कळत नाही! वैताग असा की कुठलंही एक बंद ठेवलं की रात्र शांत जायची. म्हणजे सगळेच दोषी?

हो, थोडे थोडे सगळेच. 30 मिलिअँपचा ईएलसीबी पंधराच्या पुढे कधीही पडू शकतो, आणि गळती बेरजेने मोजली जाते. चार पंप, फ्रिज, इन्व्हर्टर, प्रत्येकाची चिमूटभर. पण पहाटेच का? तीन दिवसांपूर्वी टाकीखालच्या कपाटात टॉर्च घेऊन आडवा झालो तेव्हा दिसलं. स्किमरची वायर संपवरून (खालच्या गाळणीच्या टाकीवरून) सरळ खाली एक्स्टेंशन बोर्डात उतरत होती. ड्रिप लूप, म्हणजे थेंब सॉकेटात न जाता खालीच गळावा म्हणून वायरीला दिलेला झोल, नाही! रत्नागिरीत होता, इथे घाईत राहिला. वायरीवरून थेंब ओघळून सॉकेटच्या भोकात पांढरी मिठाची लव, पिन हिरवट. मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि जूनमध्ये पहाटे दमट हवेत ती लव अक्षरशः पाझरत होती. दुपारी सुकली की सगळं साळसूद.

बोर्ड फेकला. तो "वॉटरप्रूफ" म्हणून घेतला होता. असं छापलेलं बोर्डावर काही खरं मानू नका. वायरींना लूप दिले, पिना घासून पुसल्या. तीन रात्री शांत.

पावसामुळे बाष्पीभवनही कमी झालंय. उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या ऑटो टॉप-अपची बादली मेमध्ये रोज भरत होतो, आता दिवसाआड. पंखाही ह्या दमट हवेत फारसा गार करत नाही, म्हणून चिलरसाठी पैसे बाजूला ठेवले होते. पण आत्ता लिहिताना वाटतंय की चिलर थांबू दे. आधी टाकीला वेगळा ईएलसीबी, म्हणजे फ्रिजच्या गळतीची शिक्षा माशांना नको. रिटर्न आणि वेव्हमेकर 24 व्होल्ट डीसीचे घेतले, त्यांचे अडॅप्टर उंचावर ठेवले, की बॅटरीवरही चालतील. स्किमर राहू दे तसाच.

शेजारचे काका काल जाळ्यात आलेला प्रवाळाचा तुकडा कौतुकाने घेऊन आले होते. परत समुद्रात सोडायला लावला. दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, काका. माझे झोआ (दगडी सांगाडा नसलेले, प्रवाळाचे भाऊबंद) पुरेत, आणि आज सगळे उघडलेत, हिरवे सर्वात मोठे.

नवा बोर्ड कपाटाबाहेर, टाकीच्या वर भिंतीवर न्यायचाय. सुतार शनिवारी येतो म्हणालाय. कुठला शनिवार ते विचारायचं राहिलं.