मे महिन्यातलं वेरूळ, ओलं फडकं आणि अर्धा ग्लास रस

भाच्याचं लग्न संभाजीनगरला होतं, तेही ऐन मे महिन्यात. परभणीच्या माणसाला उन्हाचं कौतुक नाही. पण अकरा वर्षांची शुगर घेऊन उन्हात हिंडणं हे प्रकरण वेगळं. लग्न सोमवारी उरकलं. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवारी सकाळी एसटीने वेरूळ गाठलं. अंतर तीसेक किलोमीटर. बायकोला अर्धं तिकीट, मला पूर्ण. त्यावरून वाटेत थोडं ऐकूनही घेतलं.

आधी इन्सुलिनचं सांगतो, कारण मागच्या उन्हाळ्यात इन्सुलिन टोचायचं एक पेन मी हाताने वाया घालवलं. थर्मासमध्ये बर्फाला टेकवून ठेवलं आणि ते गोठलं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी भरवशाचं राहत नाही. या वेळी न उघडलेलं पेन खोलीवरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, फ्रीजरपासून लांब. चालू पेन घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, तिच्यावर ओलं सुती फडकं गुंडाळलं आणि सगळं कापडी झोळीत ठेवलं. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे माठासारखा गारवा येतो. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालत नाही. चालू पेन तिशीच्या आतल्या तापमानात साधारण चार आठवडे टिकतं. बंद गाडीत किंवा बसच्या टपावरच्या सामानात मात्र कधीच ठेवू नका.

आम्ही सात वाजता आत शिरलो. सोळावं, म्हणजे कैलास लेणं, डोंगर वरून खाली कोरत नेलेलं. त्यामुळे सकाळी त्याच्या भिंतींची सावली दाट मिळते. तिथे बसूनच मन निवलं. चौतीस लेणी बघायचा हट्ट मात्र धरू नका. आम्ही सहा-सात बघितली, दहाला बाहेर.

चुकलो ते पुढे. घृष्णेश्वराच्या रांगेत अकरा वाजले. सकाळी इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं होतं, नाश्ता मात्र दोन घास पोहे. त्यात उन्हाने शरीर तापलं की टोचलेलं इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं, हे मला ठाऊक असूनही मी विसरलो. मला घाम फुटला. वाटलं, ऊन आहे, घाम येणारच. बायकोने पाठीला हात लावला, म्हणाली, "अहो, सगळ्यांचा घाम वाळतोय, तुमचाच सदरा गार आणि ओला का?" तेव्हा हात थरथरताहेत हे ध्यानात आलं. बोट धुऊन शुगर मोजली: 62, म्हणजे फारच खाली आलेली.

ती पेढा काढत होती, पण पेढ्यातल्या तुपा-खव्याने साखर हळू चढते. समोरच रसवंती होती. एरवी ज्या घुंगरांकडे कानाडोळा करतो, तिथेच जाऊन बिनबर्फाचा अर्धा ग्लास उसाचा रस घेतला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, 94. मग भाकरी-पिठलं खाल्लं. रस नसेल तर तीन चमचे साखर पाण्यात चालते. पुडी खिशातच ठेवा, पिशवीत शोधत बसायची वेळ येऊ नये.

मोजताना एक भानगड झाली. मीटर उन्हात तापला होता, आधी एरर दाखवला. बहुतेक मीटर चाळीस अंश तापमानापर्यंतच चालतात. मीटर आणि पट्ट्याही त्याच झोळीत असू द्या, मात्र फडक्याचा ओलावा पट्ट्यांना लागू देऊ नका.

देवळात अनवाणीच जावं लागतं, गाभाऱ्यात पुरुषांना सदराही काढावा लागतो. तळपायाची जाणीव कमी झालेल्यांना फरशीचा चटका कळत नाही, फोड नंतर दिसतो. मी मोजे घातले, कुणी हटकलं नाही. रात्री बायकोने बॅटरी लावून तळवे तपासले.

पाणी तहान लागायची वाट न बघता घोट घोट घ्या, कारण पाणी कमी पडलं की शुगर वरही जाते. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिनच्या जातीतल्या, चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी पाण्याचं प्रमाणही त्यांनाच विचारावं. डोस आपल्या मनाने कमी करू नका, तेही त्यांचंच काम.

दौलताबादचा किल्ला राहिला. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आता डिसेंबरात जाऊ.