धरणसाठ्याचा चार्ट: टक्के काढून टाकले

ह्या वेळचा अपडेट जरा लांबलाय, कारण पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या साठ्याचा चार्ट जवळपास पाडून परत बांधलाय.

मागचं व्हर्जन बघितलेल्यांना आठवत असेल, चार बार, चारही एकाच उंचीचे, खडकवासला पानशेत वरसगाव टेमघर, आणि प्रत्येकात टक्क्यांप्रमाणे निळं भरलेलं. दिसायला एकदम स्वच्छ. सोसायटीतल्या एका काकांना दाखवलं तर म्हणाले, "अरे वा, खडकवासला शंभर टक्के, आता वर्षभर बघायला नको!" आता काका काही साधेसुधे नाहीत, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेत, आकड्यांचं त्यांना कोण शिकवणार. चार्टमध्ये जे दिसत होतं तेच ते वाचत होते.

गंमत अशी की खडकवासल्याची उपयुक्त क्षमता १.९७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), टेमघरची ३.७१, पानशेतची १०.६५ आणि वरसगावची १२.८२, मिळून २९.१५. म्हणजे खडकवासला काठोकाठ भरलं तरी एकूण क्षमतेच्या सात टक्केसुद्धा होत नाही, आणि तेवढंच पाणी पानशेतमध्ये ओतलं तर ते जेमतेम साडेअठरा टक्के भरेल. टक्का हा आकडा खोटा नाहीये, पण प्रत्येक धरणाचा टक्का वेगळ्या मापाचा, आणि आपण ते शेजारी शेजारी सारख्या उंचीत उभे करतो तेव्हा माप गायब होतं.

मग आधी गोल करून बघितले, क्षेत्रफळ क्षमतेप्रमाणे. पानशेत खडकवासल्याच्या साधारण ५.४ पट, पण त्रिज्या जेमतेम २.३ पट होते, आणि डोळा पाच पट म्हणून ते वाचतच नाही. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल ह्या संख्याशास्त्रज्ञांनी ह्यावर प्रयोग करून ठेवलेत: माणूस एकाच पट्टीवरची जागा सगळ्यात अचूक वाचतो, मग लांबी, मग कोन, क्षेत्रफळ त्याच्याही मागे. त्यामुळे गोल कितीही गोंडस दिसले तरी बाद.

आता बारच आहेत, सगळे सारख्या रुंदीचे, उंची सरळ टीएमसीमध्ये. पूर्ण क्षमतेची बारीक करडी चौकट आणि आत आजचा साठा निळा. खडकवासला एवढंसं दिसतं, लोकांना वाटतं काहीतरी गंडलंय, पण ते तसंच दिसायला हवं. टक्के टूलटिपमध्ये ढकललेत, ज्याला हवेत त्याने बोट ठेवावं.

पण खरी मजा मांडणी बदलल्यावर आली. एका ओळीत चार धरणं ठेवली की ती चार वेगवेगळ्या टाक्या वाटतात. प्रत्यक्षात आंबी नदीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, मुठेवर टेमघर, आणि ह्या तिघांचं पाणी खाली खडकवासल्यात येतं, तिथून शहराला पाणी उचलतात, कालव्याला सोडतात, उरलेलं मुठेत. म्हणून आता तीन बार वर, एक खाली, मधे बाणांच्या रेघा. दर पावसाळ्यात ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो, "वरची धरणं अर्धी रिकामी आणि तुम्ही पाणी सोडताय कशाला?" त्याचं उत्तर ह्या चित्रात आपोआप मिळतं: खालचं भांडं छोटं, त्याच्या स्वतःच्या पाणलोटात धो-धो पाऊस झाला की ते एकटंच भरतं आणि खालचं पाणी उचलून वर पानशेतात नेऊन ठेवायची काही सोय नाही.

विसर्गाचं पॅनेल अजून कच्चं आहे. क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) हा शब्द सगळ्यांच्या तोंडात असतो पण साठा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये, दोघांची गाठच पडत नाही. सोपा हिशोब असा, ११,५७४ क्युसेक सलग २४ तास सोडलं की १ टीएमसी होतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात होता. तो वेग दिवसभर राहिला तर ३ टीएमसी, म्हणजे वरून थेंब आला नाही असं धरलं तर भरलेलं खडकवासला पंधरा-सोळा तासांत रिकामं. पॅनेलच्या उजव्या कडेला दुसरी पट्टी दिलीये, दहा हजार लिटरचे टँकर दर सेकंदाला, त्यावर ३५ हजार क्युसेक म्हणजे शंभरेक टँकर. उन्हाळ्यात टँकरची बिलं भरलेल्या लोकांना हे बरोबर कळतं. दोन पट्ट्यांचा चार्ट मला एरवी आवडत नाही, पण इथे दोन्हीकडे एकच गोष्ट मोजतोय, फक्त एकक वेगळं, म्हणून चालवून घेतलं.

टेक्निकल: मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधली चार्ट काढायची लायब्ररी) मराठी लेबलं टाकली की जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते, ह्यावर बरेच जण अडकलेत असं दिसतं. मी एसव्हीजी (ब्राउझरला वाचता येणारं वेक्टर चित्र) एक्सपोर्ट करतो आणि फॉन्टटाइपचं सेटिंग 'नन' ठेवतो, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या न होता मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो. फॉन्ट मुक्ता, त्यातले मराठी आकडे लहान साइजलाही सुटे दिसतात.

बाकी किरकोळ. वर्षाची रेघ १ जानेवारीऐवजी १ जूनला सुरू केली, मागची वर्षं करडी, चालू निळं. डेटा मिळाला नाही त्या दिवशी रेघ तुटलेलीच ठेवलीये, टोकं जोडली की सॉफ्टवेअर आपल्या मनाने पाऊस पाडतं. लाल-हिरवं काढलं. आणि तळाशी एक ओळ टाकलीये की हा सगळा उपयुक्त साठा आहे, शून्य म्हणजे धरण कोरडं असं नाही, खाली मृत साठा, म्हणजे नेहमीच्या दारांतून बाहेर न येणारं पाणी, असतोच. उजनी घ्यायचं ठरलं तर हीच ओळ कामाला येईल कारण तिथे उन्हाळ्यात मृत साठ्यातलं पाणीही वापरलं जातं आणि साठा उणे टक्क्यांत जातो, म्हणजे बार शून्याच्या खाली काढावा लागणार, आणि ५० टीएमसीच्या वरचं ते धरण ह्याच पट्टीवर घेतलं तर खडकवासला पुसूनच जाईल, त्यामुळे त्याला वेगळं पान.

पुढचं काम भिडे पुलाचं, मुठेच्या पात्रातला तो कमी उंचीचा पूल. विसर्गाच्या पॅनेलवर पूल पाण्याखाली जातो त्या पातळीला आडवी रेघ हवीये, पुणेकराला क्युसेकपेक्षा ती आधी कळेल. ह्या पावसाळ्यात पूल बंद केल्याची बातमी आली की त्या वेळचा विसर्ग शीटमध्ये टाकत जाणार, आणि रेघ एकच न काढता पट्टा काढणार, कारण पाणी धरणातून निघून पुलापर्यंत पोचायला वेळ लागतो, मधले ओढे-नाले पण भर घालतात. नदीकाठाला राहणारं कोणी असेल आणि वेळेची नोंद ठेवणार असेल तर शीटमध्ये कॉलम तयार आहे.