वस्तू कुठे संपते? आमची वाटचाल

ऑनलाइन विकायच्या वस्तूंच्या फोटोंमधली पार्श्वभूमी काढून देणं हे आमचं काम. सुरुवातीला आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी धाकटी बहीण. मी माहितीपत्रकांची मांडणी करायचे, ती फोटो दुरुस्त करायची. ओळखीतल्या एका विक्रेत्याचे चाळीस बुटांचे फोटो ॲमेझॉनकडून नामंजूर होऊन परत आले, ते घेऊन तो आमच्याकडे आला. कारण एकच दिलं होतं: पार्श्वभूमी पांढरी नाही. त्याला ते पटतच नव्हतं, कारण त्याने फोटो पांढऱ्या चादरीवर काढले होते. पण डोळ्यांना पांढरी दिसणारी चादर कॅमेऱ्यात करडी येते, सावलीच्या बाजूला निळसर येते, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नीट माहीत नव्हतं.

ॲमेझॉनच्या नियमानुसार मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंगांचे आकडे २५५, म्हणजे सर्वांत वरचे. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरायचा. आम्ही ते चाळीस फोटो ब्रशने उजळून दिले. आमच्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. पानावर चढवल्यावर मात्र प्रत्येक बुटाभोवती एक फिकट चौकोन उमटला. आमचा पांढरा २५१-२५२ वरच थांबला होता. सगळे फोटो पुन्हा केले. तेव्हापासून फाईल पाठवण्याआधी तिच्यावर थ्रेशोल्डचा, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचं सगळं काळं दाखवणारा, तात्पुरता लेअर (थर) टाकून तो २५५ वर नेतो. जिथे पांढरा शुद्ध नाही ती जागा काळी होऊन समोर येते. इतकी वर्षं झाली, पण ही तपासणी आम्ही एकाही फाईलसाठी चुकवलेली नाही.

काम वाढलं तसं बहिणीने पेन टूलवर, म्हणजे वस्तूची कड रेषेने आखायच्या संगणकातल्या साधनावर, हात बसवला आणि पुढे आलेल्या सगळ्या मुलामुलींना तिनेच शिकवलं. पेन टूलची वक्ररेषा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते पिएर बेझिए रेनो या मोटार कंपनीत अभियंता होते. गाडीच्या बॉडीचे बाक काढण्यासाठी त्यांनी ती वापरात आणली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आमचंही काम बाक ओळखण्याचंच आहे. नवीन मुलं कडेने बिंदूंची माळ लावत जातात आणि रेषा खडबडीत होते. ताईगिरी माझी असली तरी इथे गुरू तीच. ती सांगते, बाक जिथे दिशा बदलतो तिथेच बिंदू ठेव. आणि पाथ, म्हणजे आखलेली रेषा, अगदी कडेवर नको, एखादा पिक्सेल आत घे. कडेच्या पिक्सेलमध्ये जुन्या पार्श्वभूमीचा रंग मिसळलेला असतो. तो सोबत आला की पांढऱ्यावर वस्तूभोवती मळकट किनार दिसते.

आमची सर्वांत मोठी चूक मात्र कडेची नव्हती. एका विक्रेत्याचे टेबललॅम्प आले होते. टेबलावर वायरीचा गुंता पडलेला, फोटो स्वच्छ दिसावा म्हणून आम्ही वायरीही काढून टाकल्या. फोटो सुंदर झाले, विक्रेताही खूश झाला. मग लॅम्प परत यायला लागले. लोकांना वाटलं होतं की तो बॅटरीवर चालतो. विक्रेत्याने आवाज चढवला नाही, पण पुढचं काम दिलं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. पार्श्वभूमी काढताना आम्ही वस्तूच कापली होती. दुसऱ्या दिवसापासून कामाच्या चिठ्ठीवर पहिला रकाना आला, तो आजही आहे: ‘वस्तूबरोबर काय राहणार?’ वायर, टॅग, झाकण, टेकू, सावली, एकेक विचारून घ्यायचं. शिवणीतला दोष किंवा रंगाचा फरक झाकून द्या, अशी मागणी येते तेव्हा आम्ही नकार देतो. त्यामुळे काही ग्राहक गेले.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये पार्श्वभूमी आपोआप काढणारं रिमूव्ह डॉट बीजी हे संकेतस्थळ आलं. फोटो टाकायचा, काही सेकंदांत पार्श्वभूमी गायब. पेटी, पुस्तक, बाटलीचं झाकण अशी सरळ कामं पुढच्या काळात आमच्याकडून भराभर गेली. आम्ही तेव्हा पाच जण होतो आणि कुणाला कमी करायचं का, हा प्रश्न घरात रोज व्हायचा. बहिणीने एक चांगली गोष्ट केली. आमच्याकडच्या सर्वांत त्रासदायक फाईली तिने अशा साधनांतून काढून पाहिल्या. बारीक साखळीच्या कड्यांमधली भोकं भरलेली आली, जाळीदार कापड सपाट झालं, काचेच्या बरणीतून मागच्या टेबलाचा रंग तसाच दिसत राहिला. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या कपाचा कान निम्मा नाहीसा झाला होता.

मग आम्ही यंत्राशी भांडण सोडून दिलं. ढोबळ मास्क, म्हणजे काय ठेवायचं आणि काय झाकायचं याची आखणी, यंत्राने काढायचा, कड माणसाने बघायची. काचेला तर कापून चालतच नाही. तिची कड आणि चमक जशीच्या तशी ठेवून मधला भाग अर्धपारदर्शक करावा लागतो, म्हणून ती फाईल पीएनजी या प्रकारात जाते. जेपीईजी या नेहमीच्या प्रकारात पारदर्शकता राहत नाही. पांढऱ्या कपाला बुडाशी मूळ सावली हलकीशी परत द्यावी लागते, नाहीतर तो हवेत तरंगतो. या कामाला वेळ लागतो आणि तेवढे पैसे आम्ही मोकळेपणाने मागतो. कुणालाच कमी करावं लागलं नाही.

अलीकडे आमचा निम्मा वेळ फोटो काढण्याआधीच जातो, आणि मला त्याचा आनंद आहे. विक्रेत्यांना आम्ही सांगतो की वस्तू मागच्या कागदापासून हातभर पुढे ठेवा, म्हणजे कागदाचा रंग तिच्यावर पडणार नाही. स्टीलच्या वस्तूमागे हिरवा पडदा अजिबात नको. तो रंग धातूत उतरतो आणि मग तासन्‌तास पुसत बसावं लागतं. पांढरी वस्तू असेल तर मागे करडा कागद लावा. आणि फोटो लांब बाजूने हजार पिक्सेलपेक्षा मोठाच पाठवा, कारण खरेदीदार झूम करून शिवण, कड, झाकण बघतो. मागच्या महिन्यात लॅम्पवाले ते विक्रेते पुन्हा आले. नवीन मालाचे फोटो पाठवले होते आणि चिठ्ठीतला पहिला रकाना त्यांनी स्वतःच भरला होता: ‘वायर राहू द्या.’